मापाला ए, मालाला नाही

कोंडिबा शेडगे तुर्भ्याच्या दाणाबाजारात पोती वाहायचे. मूळ गाव पाटण तालुक्यात, वय एकोणचाळीस, आणि दहावीला फक्त इंग्रजीत नापास. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांची ओळख ‘आमचा हमाल विद्यार्थी’ अशी करून द्यायचो आणि वर हसायचोसुद्धा. समोर असले की ‘अहो कोंडिबा’, आणि पाठ वळली की ‘तो’. आता पाठीमागेही ‘ते’ म्हणतो. हे उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, त्याचं कुणी कौतुक करू नये.

मी कोपरखैरण्याच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. बी.ए., बी.एड., वाईकडचा. कुणी इंग्रजीत चार वाक्यं बोललं की मला घाम फुटायचा, पण व्याकरण तोंडपाठ होतं. तोंडपाठ होतं एवढंच, समजलं होतं असा दावा मी आता करणार नाही. नामाचे प्रकार, उपपदांचे म्हणजे ए, अ‍ॅन, द यांचे नियम, नियमांचे अपवाद, सगळं मी फळ्यावर धडाधडा लिहायचो आणि मुलं वहीत उतरवायची. परीक्षेत मात्र निम्मी मुलं ‘गिव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ लिहून यायची. मग मी त्यांच्या अकलेवर खापर फोडायचो. नाचता येईना, अंगण वाकडं, ही म्हण मला मुलांसाठी आहे असंच वाटायचं.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये शाळा सुटल्यावर एक आडव्या अंगाचा माणूस दारात उभा राहिला. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर चौघडी घातलेलं फडकं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही.

“गुरुजी, इंग्रजी शिकवता का? मलाच शिकायचंय.”

त्यांची गोष्ट साधी होती. वीस वर्षं पाठीवर आणि मानेवर पोती घेतली. आधी मशीद बंदरला, मग बाजार इकडे तुर्भ्याला आला तसे तेही आले, माथाडी वसाहतीत एक खोली मिळाली. आता मानेचा मणका झिजला होता. उजवा हात मध्येच बधिर व्हायचा. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की असंच ओझं घेत राहिलात तर दोन-तीन वर्षांत हात कामातून जाईल. आणि नेमकी त्याच सुमारास बाजाराच्या ऑफिसने नोटीस लावली की तोलणारांच्या काही जागा भरायच्या आहेत. तोलणार म्हणजे काट्यापाशी उभा राहून वजन वाचणारा आणि चिठ्ठी देणारा माणूस. त्याला ओझं उचलावं लागत नाही. माथाड्यांना पहिली संधी होती, पण अट होती दहावी पासची आणि वय चाळीसच्या आत असण्याची.

कोंडिबांनी त्याच मार्चमध्ये बाहेरून फॉर्म भरून दहावी दिली होती. गणित, विज्ञान, इतिहास, सगळं निघालं. इंग्रजीत चोवीस.

“पुढल्या वर्साच्या जूनात चाळीस पुरी व्हत्यात,” ते म्हणाले. “आक्टोबर हाय, मार्च हाय. दोन डाव हायती. न्हाईतर हायेच पोतं.”

मी त्यांना घेतलं. फी घेतली नाही, कारण शाळेत बसून शिकवणी घेणं नियमात बसत नव्हतं. पुढे याच गोष्टीचा मी दानधर्मासारखा उल्लेख करत असे. बाजार सकाळी लवकर सुरू होऊन दुपारी सैल पडायचा. चार वाजता ते यायचे, पाचवीच्या बाकावर कसेबसे मावायचे आणि पावणेसहाला उठायचे. अंगाला गोणपाटाचा वास यायचा. मी खिडकी उघडायचो आणि उकडतंय असं म्हणायचो.

ऑक्टोबरला एकतीस गुण पडले. चार गुणांनी गेले. निकाल लागला तेव्हा मी त्यांना बसवून हिशेब समजावला. पत्रात इतके, उताऱ्यात इतके, निबंधात दोन जास्त आले की पस्तीस होतात. “ते ए, अ‍ॅन, द सोडून द्या,” मी म्हणालो. “पाच गुणांचा प्रश्न असतो, तुमच्या हाताला लागणार नाही. विशेषतः ते न मोजता येणाऱ्या नामांचं. बी.ए. झालेल्यांना जमत नाही.”

“का जमत न्हाई?”

“त्याला कारण नाही, कोंडिबा. इंग्रजी तशीच आहे. शुगरला ए नाही, वॉटरला ए नाही, फर्निचरला नाही, पाठ करायचं.”

“कारन असल्याबिगर मानसं असं बोलतील का वो?” ते म्हणाले. मला राग आला. हमालाने मला कारण विचारावं याचा राग आला, दुसरं काही नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी शाळा सकाळची होती. मी घरच्यासाठी कोलम तांदूळ घ्यायला दाणाबाजारात गेलो. कोंडिबा भेटतील, ओळखीने माल बरा मिळेल हाही विचार होता. त्यांचं काम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोघे जण थप्पीवरून पोतं उचलून धरत. तिसरा त्यांच्या पुढ्यात पाठ करून वाकत असे आणि दोन्ही हात मानेमागे नेत असे. मग धरणारा मोठ्याने त्याचं नाव घ्यायचा.

“घे रं, कोंडिबा!”

“हां!”

तो ‘हां’ आला की पोतं सोडायचं. मग ते मानेवर बसायचं आणि माणूस फळी चढून ट्रकमध्ये जायचा. पुन्हा नाव, पुन्हा ‘हां’. तासभर हेच चाललं होतं.

काम थांबल्यावर कोंडिबांनी मला त्यांच्या मुकादमाकडे नेलं. मुकादम म्हणजे टोळीचा पुढारी. भैरू नाव, पन्नाशीचा, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा.

“नाव घेतल्याबिगर वझं सोडायचं न्हाई, ह्यो आमचा कायदा,” भैरू म्हणाला. “बेसावध मानंवर शंभर किलो पडलं तर मानूस जाग्यावर जातुया. आन नाव घेतलं की हां आपसूक येतंय. ह्येला देवळात हाक मारा, तिथं बी हां म्हनून वाकंल.” टोळी हसली. “दुसरा कायदा, एकाला झेपंना तर त्याचं वझं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. कोंडिबाची मान धरली तवापासनं ह्येची धा पोती आमी वाटून घेतो. बोलत न्हाई कुनी.”

कोंडिबांना हे बोलणं आवडलं नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि समोरच्या थप्प्यांकडे हात केला.

“सर, हितं एवढी पोती हायती. तांदूळ हाय, साकर हाय, डाळ हाय. एका तरी पोत्यावर ‘ए राइस’ छापलंय का?”

मी वेड्यासारखा पाहत राहिलो. नव्हतं. सगळीकडे नुसतं राइस, नुसतं शुगर.

“म्या म्हैनाभर हेच बघतूय. तांदूळ कुनी मोजत न्हाई, आपन पोतं मोजतो. एक पोतं, दोन पोती. मंग ए कुनाला? पोत्याला. ‘ए बॅग ऑफ राइस’. मापाला ए, मालाला न्हाई. वाटी असूंद्या, डबा असूंद्या, ट्रक असूंद्या. जे माप त्येला ए.”

“आणि द?” मी विचारलं. माझा आवाज शिक्षकासारखा येत नव्हता.

“येपारी पोत्यात नळी खुपसून नमुना काढतो का न्हाई? घेनाऱ्यानं बघितला, देनाऱ्यानं बघितला. आता दोघांला ठावं हाय कंचा माल त्यो. मंग त्यो ‘द राइस’. दोघांनी बघितलेला माल असंल तर द, न्हाईतर नुसता राइस.”

मी खोड काढायची म्हणून फर्निचर काढलं. फर्निचर पोत्यात मावत नाही आणि खुर्च्या तर मोजता येतात, मग त्याला ए का नाही? ते म्हणाले, “फर्निचर म्हंजी सामान. खोली बदलताना आपन ‘एक सामान’ म्हंतो का? टेंपोभर सामान म्हंतो. मोजायच्या त्या खुर्च्या.” मग मी अ‍ॅडव्हाइस काढलं. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले म्हणतात, तिथे तर मी पकडणारच होतो.

“त्यो मिळतोच पोत्यानं, सर,” ते म्हणाले. “सुट्टा कोन देतो?”

मी हसलो नाही. हॉटेलात आपण ‘दोन चहा’ म्हणतो, मग चहा मोजला की नाही, असं मी शेवटचं विचारलं. कप मोजले, असं ते म्हणाले, आणि त्यांनी मला चहा पाजला. कोलम चांगला मिळाला.

सोमवारी मी दहावीच्या वर्गात उभा राहिलो आणि फळ्यावर लिहिलं, ‘मापाला ए, मालाला नाही’. पोती, वाटी, डबा, नमुना, सामान, सगळं सांगितलं. माझ्या वर्गात निम्मी मुलं माथाड्यांचीच होती. त्यांना ते असं कळलं की आठ वर्षांत माझा एकही तास तसा गेला नव्हता. दोन आठवड्यांनी चाचणी झाली, तिच्यात उपपदांच्या प्रश्नाला बहुतेकांना पाचपैकी पाच पडले. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं की ही पद्धत कुठून आणलीत. मी म्हणालो, “सुचली.” केंद्राच्या सभेत त्यांनी मला ती इतर शाळांच्या शिक्षकांपुढे मांडायला लावली. टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा होणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. कोंडिबांचं नाव मी घेतलं नाही. घ्यावंसं वाटलंही नाही, कारण हमालाने शिकवलं म्हटल्यावर टाळ्या कमी पडल्या असत्या.

फेब्रुवारीच्या शेवटी मी कोंडिबांना सरावाचा पेपर दिला. माझी मीटिंग होती म्हणून घरी सोडवून आणा म्हटलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आणला. मी ओळ न् ओळ तपासली. अठ्ठावन्न गुण झाले. पत्र नीट, उतारा नीट, उपपदांचे पाचही बरोबर. मी लाल शाईने अठ्ठावन्न लिहिलं, खाली ‘छान’ लिहिलं आणि पेपर परत दिला. त्यांनी तो घडी न घालता वहीत ठेवला. घरी गाइड बघून उतरवला असणार, हे तेव्हा माझ्या मनात आलं. मी ते बोललो नाही, पण मला त्याची खात्रीच होती. ज्या माणसाने मला माझा विषय समजावला, त्याला तो विषय येतो यावर माझा विश्वास बसत नव्हता. याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण ते माझ्यात होतं.

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी, चार वाजता, कोंडिबांच्या जागी भैरू आला. टोपी काढून हातात धरली होती.

“सर, उद्याचं वझं कोंडिबाच्यानं उचलायचं न्हाई. दोनदा बसला की खाली. ह्यो शेवटचा डाव. तुमी काय येनार त्ये थोडं लिवून द्या. आमी पोचवतो.”

त्या वर्षांत हे सर्रास चालायचं. परीक्षा केंद्राच्या कंपाउंडबाहेर काका, मामा, भाऊ ठाण मांडून असत, खिडकीतून चिठ्ठ्या जात. मी शिक्षक म्हणून त्याविरुद्ध भाषणं दिली होती. भैरूला मी म्हणायला हवं होतं की त्यांना सगळं येतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अठ्ठावन्न गुणांचा पेपर मीच तपासला होता. ते मी म्हणालो नाही. उलट वाटलं, बरं झालं, चार गुणांची सोय होईल, माझा विद्यार्थी पास झाला असं मलाही सांगता येईल. मी दोन कागद घेतले. एकावर निबंध, दुसऱ्यावर पत्र आणि न मोजता येणाऱ्या नामांची यादी, कुठे ए नाही, कुठे द आहे, अगदी सुबक गोल अक्षरात लिहून दिली. आणि त्या यादीतली अक्कल सगळी कोंडिबांचीच होती.

“त्यांना सांगितलंय का?” मी विचारलं.

“छ्या! मानी मानूस हाय. नगं म्हनंल. येळंला पुढ्यात पडलं की घेईल.”

पुढचं मला दोघांकडून कळलं. एक भैरू, आणि दुसरे आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, जे वाशीच्या परीक्षा केंद्रावर नेमक्या कोंडिबांच्याच खोलीत पर्यवेक्षक होते.

कोंडिबांचा नंबर पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ आला होता. अकरा वाजता पेपर सुरू झाला. चित्रकलेच्या सरांच्या सांगण्याप्रमाणे, त्या खोलीत मान वर न करता लिहिणारे ते एकटेच परीक्षार्थी होते. बाकी सगळे खिडकीकडे बघत होते. साडेबाराच्या सुमारास भरारी पथक मजल्यावर आलं. पथकातल्या बाई दारात उभ्या होत्या आणि खोली एकदम चिडीचूप झाली होती.

खाली टोळी आली होती. पोती रचणाऱ्या माणसांना भिंत म्हणजे काय अडचण! भैरू खाली, त्याच्या खांद्यावर दुसरा, त्याच्या खांद्यावर तिसरा. तिसऱ्याचा हात गजांतून आत आला. पथक आलंय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. आणि त्या हातातलं ओझं सुटायच्या आधी भैरूने तेच केलं जे त्याने तीस वर्षं दिवसातून शंभर वेळा केलं होतं. सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी हाक दिली.

“घे रं, कोंडिबा!”

“हां!”

कोंडिबांनी पेन सोडलं होतं. दोन्ही हात मानेमागे गेले होते. ते वाकले होते, आणि त्यांच्या पुढ्यात उत्तरपत्रिकेवर माझे दोन कागद येऊन पडले होते.

खोलीतली पोरं खो खो हसली. बाई चार पावलांत बाकापाशी आल्या.

“कोंडिबा आपलंच नाव का?”

“हां,” ते म्हणाले. आता सवयीने नव्हे.

करायला गेले गणपती, झाला मारुती. भैरू नंतर माझ्यापुढे ढसाढसा रडला. “नाव घेतल्याबिगर वझं कसं टाकायचं, सर? आमी काय वाईट केलं?” तो निदान रडत तरी होता.

मुख्य केंद्रसंचालकांच्या खोलीत कोंडिबांचा जबाब झाला. चित्रकलेचे सर साक्षीला होते. कागद कुणी लिहून दिले, असं पथकाने विचारलं. कोंडिबा म्हणाले, मीच लिहिलेत. त्यांची उत्तरपत्रिका शेजारी ठेवली. तिरपं, कोरून काढल्यासारखं अक्षर, चार पानं भरलेली. हे अक्षर वेगळं आहे, बाई म्हणाल्या. एखाद्या शिक्षकाचं दिसतंय. नाव सांगा, तुमचं थोडक्यात निभावेल, शिक्षकावर कारवाई होईल.

“माझ्या नावानं आलं,” कोंडिबा म्हणाले, “म्या हां म्हनलो. माझंच हाय.”

जबाबावर त्यांनी मराठीत सही केली. त्या आठवड्यात पाडवा होता. शाळेच्या शिपायाची सावली दारात पडली तरी मी फळ्याकडे वळायचो, आणि दुपारचा डबा तसाच घरी परत न्यायचो. चार दिवस गेले, आठ गेले, मला कुणी बोलावलं नाही. मग मला भूक लागायला लागली. पाडव्याचं उरलेलं श्रीखंड मी पुरीबरोबर खाल्लं आणि मला हायसं वाटलं, हे मी कबूल करतो. संध्याकाळी एका मुलाकडून इंग्रजीची प्रश्नपत्रिका मागवून पाहिली. उपपदांचे पाच प्रश्न होते. शुगर, अ‍ॅडव्हाइस, फर्निचर, एक ‘द वॉटर इन धिस वेल’ आणि एक कप चहा. मी प्रश्नपत्रिका फाडून टाकली.

मेमध्ये पत्र आलं. पुढच्या चार परीक्षांना बसायला मनाई. जूनमध्ये कोंडिबांना चाळीस पुरी झाली. तोलणाराची जागा दुसऱ्या टोळीतल्या एका तरुणाला मिळाली, त्यात त्याचा काही दोष नव्हता. कोंडिबा पुन्हा पोत्याखाली गेले. टोळीने अपराधी वाटून त्यांची वीस पोती वाटून घ्यायला सुरुवात केली, तर त्यांनी ते बंद करायला लावलं. माझं ओझं कुणी उचलायचं नाही, असं त्यांनी भैरूला सगळ्यांपुढे सांगितलं. असं म्हणे टोळीत कधी कुणी बोललं नव्हतं. पुढे त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त पोती घेतली. मी त्यांना भेटायला गेलो नाही. बाजारातून तांदूळ आणणंही बंद केलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू लागलो. शाळेत माझी पद्धत मात्र चालू राहिली. त्या वर्षी आमचा इंग्रजीचा निकाल तालुक्यात दुसरा आला आणि मला शाल मिळाली.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत फळी चढताना कोंडिबांचा उजवा हात सुटला. पोतं खाली पडलं, ते वाचले. हात मात्र राहिला तो राहिलाच. कपाला बोटं लागायची पण उचलायची नाहीत. ते कुटुंबासह गावी चाललेत असं मला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं. सर, ते शेडगेकाका तुमच्याकडे शिकायचे ना, असं तिने विचारलं. त्या दुपारी मी माथाडी वसाहतीत गेलो. दोन वर्षं पाय निघाला नव्हता.

खोलीत सामान बांधणं चालू होतं. त्यांची बायको, सत्यभामावहिनी, भांडी गोणपाटात भरत होत्या. कोंडिबा भिंतीला टेकून बसले होते, गळ्याला पट्टा, उजवा हात मांडीवर ठेवलेला. वहिनींनी चहा टाकला. मी हवापाण्याचं बोललो, गावाकडच्या पिकाचं बोललो. मग एकदाचं बोललो.

“कोंडिबा, ते कागद मी लिहून दिले होते.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“पडले तवाच. आठ म्हैनं तुमचं अक्षर गिरवलंय म्या, वळखू येनार न्हाई व्हय?”

“मग माझं नाव का नाही सांगितलंत? तुमचं निभावलं असतं.”

“तुमची नोकरी गेली असती. पोरांचा मास्तर गेला असता. एका मानसात भागत व्हतं, दोन कशाला?” ते हे असं सहज बोलले की जणू पोत्यांची वाटणी सांगताहेत. मला रडू येत होतं, आणि त्यात मला बरंही वाटायला लागलं होतं. वाटलं, यांनी आपल्याला माफ केलं. चहा पिऊन, पाया पडून, मोकळं होऊन घरी जाता येईल.

मग त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. मान वळत नव्हती.

“एक इचारू का, सर? भैरूचं म्या समजू शकतो. त्यो आडानी हाय, त्यानं माझा पेपर कवा बघितला न्हाई. तुमी बघितला व्हता. लाल शाईनं तपासला व्हता. मंग तुमाला बी वाटलं व्हतं का, की मला येत न्हाई?”

वहिनी भांडी खाली ठेवून चहा गाळायला उठल्या.

“नाही हो कोंडिबा,” मी म्हणालो. “तसं काही नाही.”

ते खोटं होतं. त्यांना ते कळलं. त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं आणि वहिनींना म्हणाले, “अगं, च्या दे त्येंना, निवंल.” वहिनींनी कप पुढे केला. मी तो घेतला, प्यायलो आणि जिना उतरून घरी आलो.